महागाई पैशाच्या पुरवठ्यावर ठरते म्हणणाऱ्या मौद्रिकवादाने केन्सला हरवलं होतं, मग आज पैशाच्या पुरवठ्याचं कुणी नाव का काढत नाही?

"हरवलं होतं" वाचून हसू आलं. १९८१ साली मीही हेच म्हणालो होतो आणि त्यापायी एम.ए.च्या अंतर्गत परीक्षेत वीसपैकी सहा गुण पदरात पडले.

आमचे सर कट्टर केन्सवादी, म्हणजे मंदीत सरकारने खर्च वाढवावा असं मानणारे. फळ्यावर फिलिप्सचा वक्र काढून सांगत होते: थोडी महागाई सोसली की बेरोजगारी घटते. मी मागच्या बाकावरून उठलो, लाल खडू उचलला आणि त्या वक्रावर सरळ उभी रेघ मारली. मौद्रिकवादाचा म्होरक्या फ्रीडमन, त्याने डिसेंबर १९६७च्या भाषणात हेच तर मांडलं होतं. लोक महागाई धरूनच मजुरी मागायला लागले की बेरोजगारी मूळ जागी येते, महागाई तेवढी उरते. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत दोन्ही वाढल्या, आता आणखी काय पुरावा हवा? सरांनी रेघ पुसली नाही. "राहू दे, बस खाली," एवढंच म्हणाले. सहा गुण नंतर कळले.

आता तुमचं. ऑक्टोबर १९७९मध्ये फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, अध्यक्ष व्होल्करने पैशाचा पुरवठा आवळायला घेतला. व्याजदर २० टक्क्यांच्या घरात गेले, महागाई मोडली. बेरोजगारी मात्र १९८२च्या अखेरीला १०.८ टक्के. पण चलनाचा भ्रमणवेग, म्हणजे पैसा वर्षात किती वेळा हातोहात फिरतो ते, फारसा हलत नाही, हा सगळ्या सिद्धांताचा पाया, आणि नेमका तोच हलला. फेडने १९८२मध्येच पैशाचा पुरवठा धरून चालायचा नाद सोडला. आपल्याकडे चक्रवर्ती समितीच्या १९८५च्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने एम-३ (लोकांकडची रोकड आणि बँकांतल्या ठेवी मिळून होणारा पैसा) लक्ष्य म्हणून धरला, १९९८मध्ये तिनेही सोडला. फ्रीडमननंतरच्या केन्सविरोधी ल्युकस मंडळींचं इथे काढत नाही. मंदी रोखण्याचा प्रश्न सुटला, असं २००३ साली सांगणारा गृहस्थ म्हणजे हाच ल्युकस.

फेब्रुवारी २००९मध्ये ओबामांनी मंदी रोखायला ७८७ अब्ज डॉलरच्या, अगदी केन्सच्या धर्तीच्या, पॅकेजवर सही केली आणि आठवड्याभरात सरांचं पोस्टकार्ड. एकच ओळ: "लाल खडू आहे ना अजून?"

मी उत्तर दिलं नाही. जून २०२२मध्ये अमेरिकेतली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली तेव्हा लिहिणार होतो, पण सर तोवर गेले होते.

तुम्ही शिकवत असाल तर एक करा, पोराचं पटलं नाही तरी मुद्दा असेल तर गुण द्या. वीसपैकी बारा तरी.

हां, एक राहिलं. ती ९.१ टक्क्यांची महागाई उतरली तेव्हा बेरोजगारी चार टक्क्यांच्या आसपासच राहिली. फळ्यावर हे कसं काढायचं, ते ना सरांच्या वक्रात बसतं ना व्होल्करच्या हिशोबात.