कांदे परत आणायचे की परतायचे? फ्रेंच ‘फेर रव्हनीर’विषयी

एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा फ्रान्समध्ये ल्यों शहरात असतो, सून तिथलीच, नातू तीन वर्षांचा. विहीणबाईंनी त्यांच्या घरच्या कांद्याच्या सूपची कृती स्वतः लिहून पाठवली. ताई साठीनंतर फ्रेंच शिकताहेत, म्हणून कोश घेऊन बसल्या आणि पहिल्याच ओळीत अडल्या: ‘फेत रव्हनीर लेझोन्यों’. लेझोन्यों म्हणजे कांदे. रव्हनीर म्हणजे परत येणे, हे तर पहिल्या काही धड्यांतच येतं. मग कांद्यांना परत यायला लावा? त्या विचारतात, ‘परत कुठून यायचे कांदे?’

ताई, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. कांदे परता. ‘फेर रव्हनीर’ म्हणजे तुपा-तेलात किंवा लोण्यात परतून घेणे. तुम्ही कोशातून इंग्रजीकडे गेलात आणि तिथून मराठीत आलात, म्हणून रस्ता चुकला. थेट मराठीतून गेला असतात तर दार उघडंच होतं. आपणही गावाहून परततो आणि कांदाही परततो. एकच क्रियापद, दोन्ही कामं. फ्रेंचमध्येही तसंच आहे, आणि हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी घरात सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

पण दोन्ही भाषा इथवर वेगवेगळ्या वाटांनी आल्या आहेत. मराठी ‘परतणे’च्या मुळाशी वळणं, फिरणं आहे. माणूस वाटेत मागे वळतो, कांदा कढईत खालचा वर होतो. म्हणूनच परतायच्या साधनाला आपण उलथणं म्हणतो. फ्रेंच रव्हनीरमध्ये उलटणं कुठेच नाही. ‘र’ म्हणजे पुन्हा आणि ‘व्हनीर’ म्हणजे येणे. जुन्या फ्रेंच कोशांत हा प्रयोग मांसाबद्दल सापडतो: निखाऱ्यावर किंवा गरम पाण्यात धरून ते फुगवून घेणे. आक्रसलेलं मांस पुन्हा भरीव दिसायला लागतं, आपल्या मूळ रूपावर ‘परत येतं’, असा अर्थ मी तरी लावतो. पुढे मांसाबरोबर कांदाही आला आणि पाण्याच्या जागी लोणी. याच रव्हनीरपासून ‘रव्हन्यू’, म्हणजे उत्पन्न, हे नाम झालं. इंग्रजीच्या वाटेने तेच आपल्याकडे रेव्हेन्यू स्टँपवर येऊन बसलं आहे.

आपल्या ‘परतणे’चा खरा भाऊ फ्रेंचमध्ये शोधायचा तर तो आहे ‘रतुर्ने’. त्यात परत जाणंही आहे आणि पालथं करणंही. २ फेब्रुवारीला शांदलरच्या सणाला फ्रान्समध्ये घरोघरी क्रेप करतात, म्हणजे आपल्या धिरड्यासारखा पातळ प्रकार. एका हातात नाणं धरायचं आणि दुसऱ्या हाताने तव्यावरची क्रेप हवेत उडवून झेलायची. उलथण्याने उलटली तर रतुर्ने. उडवली तर ‘फेर सोते’, कारण सोते म्हणजे उडी मारणे. हल्ली आपल्या पाककृतींत ‘भाज्या सोटे करा’ असं दिसतं, ते हेच. दांडा धरून तवा झटकायचा, भाज्यांनी उड्या मारायच्या. उलथण्याने सावकाश करतो त्याला परतणेच म्हणावं.

आता त्या ‘फेर’कडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे आणि एकदा ती कळली की फ्रेंच स्वयंपाकघर अर्धंअधिक तुमचं झालं. फेर म्हणजे करणे; ‘फेत’ हे त्याचं अहो-जाहोचं आज्ञार्थी रूप. फेरपुढे दुसरं क्रियापद ठेवलं की ‘करायला लावणे’ होतं, म्हणजे आपलं प्रयोजक. मराठी हे काम बहुतेकदा एका ‘व’वर भागवते: वितळणे-वितळवणे, शिजणे-शिजवणे, तापणे-तापवणे. फ्रेंचला तो ‘व’ नाही, म्हणून ती फेर जोडते. लोणी वितळतं ते फाँद्र, आपण वितळवतो ते फेर फाँद्र. फसगत होते ती उकळण्यात. मराठीत पाणी उकळतं आणि आपणही पाणी उकळतो. फ्रेंचमध्ये बुयीर फक्त पाण्याने करायचं. माणसाने करायचं असेल तर फेर बुयीर. मराठी माणसाची ही चूक मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे, स्वतःही केली आहे.

इंग्रजीच्या सवयीने आणखी एक चूक होते, ती म्हणजे ‘फेर’ आणि ‘रव्हनीर’ यांच्या मधे कांदे घालणे. तसं चालत नाही. दोन्ही क्रियापदं हातात हात घालून येतात आणि कांदे त्यांच्या मागून. ती जोडी म्हणजे एकच मराठी क्रियापद समजा, म्हणजे तोडावंसं वाटणारच नाही. (एवढी सूट सर्वनामांना आहे: ‘फे-ले रव्हनीर’, त्यांना परतून घे.)

आणि हे फेर स्वयंपाकघरातून थेट नातवापाशी जातं. खाणे म्हणजे मांजे, फेर मांजे म्हणजे भरवणे. पिणे म्हणजे ब्वार, फेर ब्वार म्हणजे पाजणे. चाखणे म्हणजे गूते, फेर गूते म्हणजे चव बघायला देणे. आता भरवायचं कुणाला? तिथे फ्रेंच ‘आ’ घालते, जिथे आपण ‘ला’ लावतो. सून छोट्याला म्हणेल, ‘फे गूते आ मामी’: आजीला चव दे. होय, मामी म्हणजे आजी. तो तुम्हाला मामी म्हणाला तर नातं बिघडलं असं समजू नका. बाळाला भरवताना मात्र ‘आ’ आणि त्यापुढचा ‘ल’ मिळून ‘ओ’ होतो: ‘फेर मांजे सा प्युरे ओ बेबे’, बाळाला त्याची प्युरे भरवणे. ‘गूते’ नाम म्हणून आलं तर तो मुलांचा दुपारी चारच्या सुमाराचा खाऊ. शाळेतून आल्यावर ब्रेडचा तुकडा आणि चॉकलेट, असं काहीतरी. आपण मधल्या वेळचं म्हणतो तेच.

नातू रात्री टेबलापाशी कुरकुरला की त्याला काय सांगतात, तेही ऐका: ‘मांज ता सूप’. सूप खा. आपण सूप पितो, ते खातात. कारण ‘सूप’ हा शब्द मुळात पातळ रश्शाचा नव्हताच. रश्शात भिजवलेल्या पावाच्या तुकड्याला सूप म्हणत. नखशिखांत भिजलेल्या माणसाला फ्रेंच लोक आजही ‘त्राँपे कॉम यून सूप’, सुपासारखा भिजलेला, म्हणतात. रस्साच कसा भिजेल? भिजतो तो पाव. तुमच्या विहीणबाईंच्या कृतीत शेवटी वाडग्यात पावाचे काप आणि वर चीज असणार. तो पाव सजावटीचा समजून वगळू नका. शब्दाच्या इतिहासाने पाहिलं तर सूप तोच आहे. आमटीत भाकरी कुस्करून खाणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. शिवाय ‘पाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज ‘पाँव’वरून आला आणि फ्रेंच ‘पँ’ व तो, दोन्ही लॅटिन ‘पानिस’ची लेकरं. म्हणजे ल्योंचा पँ आणि मिसळीबरोबरचा पाव एकाच घरातले.

कृतीत पुढे ‘मिजोते’ येईल: मंद आचेवर शिजत ठेवणे. ते पाठ करायला एक युक्ती देतो. कुणाच्या मनात काहीतरी बेत चालला असेल तर फ्रेंच माणूस विचारतो, ‘केस् किल मिजोत?’ आपण म्हणतो, ‘काय शिजतंय त्याच्या डोक्यात?’

रंगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपण कांदा गुलाबीसर होईपर्यंत परततो. त्यांच्या कृतीत ‘फेर ब्लाँदीर’ असेल, म्हणजे कांदा ब्लाँ करा, पिवळसर सोनेरी केसांसारखा. कढईत बघताना प्रत्येक भाषेला आपल्या घरातला रंग आठवतो. शब्दशः जाऊन कांद्यात सोनेरी केस शोधू नका आणि गुलाबी दिसताच गॅसही बंद करू नका. या सुपाचा कांदा आपल्या पोह्यांच्या कांद्याच्या बराच पुढे न्यावा लागतो. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास सहज जातो. ‘आ फ दू’ लिहिलं असेल ते त्यासाठीच. फ म्हणजे आच आणि दू म्हणजे मऊ, सौम्य.

लिहिताना एक लक्षात असू द्या. ओन्यों या शब्दात मधे एक ‘आय’ लिहितात, तो उच्चारत नाहीत. १९९० च्या लेखनसुधारणेने तो गाळायला परवानगी दिली, पण बहुतेक लोक अजून जुनंच लिहितात. विहीणबाईंनीही तसंच लिहिलं असेल, तर तुम्हीही तसंच लिहा.

तर पहिली ओळ मराठीत अशी उतरवा: ‘कांदे लोण्यात मंद आचेवर परतून घ्यावेत.’ तुमच्या वहीत हे ‘घ्यावेत’च शोभेल, आपल्या कृती अशाच लिहिल्या जातात. आणि सूप जमलं की विहीणबाईंना फोनवर सांगायचं वाक्य: ‘जे फे रव्हनीर लेझोन्यों’, मी कांदे परतले.