गवळाऊ गाई राहू द्या, आधी तो 5 लाखांचा हप्ता थांबवा

कोंढाळीजवळ 4 एकर, वय 59, मागच्या वर्षी खाजगी कंपनीतून रिटायर, पेन्शन नाही, हातात आले 32 लाख. नागपूरच्या या भाऊंना विचारायचंय की 12 लाखांत 10 गवळाऊ गाई घेऊन गोऱ्हे तयार करून विकले तर जमेल का, व्हिडिओत शंकरपटाची (बैलांच्या शर्यतीची) जोडी दीड-दोन लाखाला जाते म्हणतात. आणि पत्राच्या शेवटी सहज एक ओळ: "5 लाख बँकेतल्या मॅडमनी एफडीसारख्या प्लॅनमध्ये टाकले, आता परत 5 लाखांचा मेसेज कशाचा आलाय?"

भाऊ, जोडलेला कागद बघितला. ती एफडी नाही, यूलिप आहे, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र, दरवर्षी 5 लाख, 7 वर्षं. म्हणजे 35 लाख, आणि तुम्हाला मिळालेच 32! पगार बंद झालेल्या माणसाला हे विकणाऱ्याला काय म्हणावं. आता उरलेल्या 27 मधून गाईंचे 12 गेले की राहिले 15, म्हणजे तीन हप्ते, मग घर कशावर चालणार?

दुसरा हप्ता भरू नका. बंद करायचे म्हणून कंपनी 5-6 हजारांच्या वर कापू शकत नाही, पहिल्या वर्षाचे बाकी चार्जेस गेले ते गेले, उरलेली रक्कम किमान 4 टक्क्यांनी पडून राहील आणि सुरुवातीपासून 5 वर्षं झाली की मिळेल. विमा कवच जाईल, जाऊ द्या. शिवाय वर्षाला अडीच लाखांच्या वर प्रीमियम असला की यूलिपच्या नफ्यावर टॅक्स लागतो, हे मॅडमनी सांगितलं नसणारच. "एकदाच भरायचं" म्हणून विकलं अशी तक्रार कंपनीकडे लेखी द्या, फोनवर नाही. महिन्याभरात धड उत्तर नाही आलं तर विमा लोकपाल, तिथे वकील लागत नाही.

27 मधले 2 लाख अडीअडचणीला ठेवा, 25 सध्या एफडीत, साठ पूर्ण झाले की पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये. आठ टक्के धरले तरी महिन्याला साधारण 16-17 हजार.

आता गाई. गवळाऊ ही आर्वी-कारंजाकडची, चपळ आणि कामाची जात, पण दुधाला बेताची, एका वेतात 600 लिटर म्हणजे बरं. दहापैकी सहा दुधात धरल्या तर 3600 लिटर, 40 रुपयांनी दीड लाखाच्या आत, त्यात वासराचं पिणं वेगळं. कुटार (कोरडा चारा) घरचं असलं तरी ढेप (पेंड), औषधं मिळून गाईमागे रोज 100, वर्षाचे साडेतीन लाख, वर गड्याचा पगार. आणि गोऱ्हा जोडीला लागायला तीन वर्षं, निम्म्या तर कालवडीच होणार, शिवाय पटाला पळणारी जोडी दहा गोऱ्ह्यांत एखादी निघाली तर निघाली (व्हिडिओवाला बाकीच्या नऊंचं दाखवत नाही). 2015 पासून राज्यात बैलही कत्तलीला विकता येत नाही, म्हातारा झाला की शेवटपर्यंत तुमच्याच गोठ्यात.

हौसच असेल तर दोन गाभण कालवडी घ्या, रोज शेतात जाणं होतं का ते वर्षभर बघा. आणि हप्त्याची तारीख 20 आहे ना, बँकेतला ऑटो-डेबिट उद्याच बंद करून या.