एकच एडिटर पकडू का? सेकंड इयरच्या एका मुलाला उत्तर

तू लिहिलंयस की कॉलेजात कोड लिहायला व्हीएस कोड हा एडिटर वापरायचास, इंटर्नशिपला गेलास तर सिनियर सगळे विमवाले, म्हणजे टर्मिनलमध्ये कीबोर्डवरूनच चालणारा एडिटर वापरणारे, ते हसले म्हणून महिनाभर विमचं कॉन्फिग, म्हणजे सेटिंग, करत बसलास, प्रोजेक्ट तिथेच राहिला, आणि आता विचारतोयस करिअरसाठी कुठला एक पकडू.

अरे, एकच का पकडायचाय? रोजचं मोठं काम व्हीएस कोडमध्येच कर, ब्रेकपॉइंट लावून, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून चूक शोधायला (डिबग करायला) शिकतोयस तर तिथे सोपं पडतं. पण विम थोडं तरी यायलाच हवं, आणि ते सिनियर हसतात म्हणून नाही. उद्या रात्री दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (टर्मिनलमधून लॉगिन करून) शिरशील, समोर फक्त काळा टर्मिनल, कॉन्फिगमधली एक ओळ बदलायचीय, तिथे व्हीआय जवळपास नक्की सापडतो, बिल जॉयने 1976 मध्ये लिहिलेला तो एडिटर आजही लिनक्स-युनिक्सवर आहेच, आणि विम त्याचाच वारस. त्यासाठी महिना नको, टर्मिनलमध्ये विमट्यूटर टाईप कर, अर्ध्या तासाचा धडा आहे. आय दाबून लिहायचं, लिहिणं थांबवायला एस्केप, सेव्ह करून बाहेर पडायला कोलन डब्ल्यू क्यू, चुकलं तर मागे घ्यायला यू, शोधायला स्लॅश. एवढ्यावर बरीच वर्षं निघतात खरं सांगायचं तर.

बोटांना सवय लागली की व्हीएस कोडमध्ये विमचं एक्स्टेंशन टाक, इंटेलिजे या एडिटरवर गेलास तर आयडियाविम आहे, ईमॅक्स या एडिटरवाल्यांकडे ईव्हिल, दोन्ही विमच्याच कळा देणारी. म्हणजे सवय तुझ्यासोबत येते, एडिटर कुठलाही असो. अ‍ॅटम हा एडिटर आठवतोय? 2014 ला आला, गिटहबने 15 डिसेंबर 2022 ला बंद केला, ज्यांनी त्याच्या थीम आणि पॅकेजवर रात्री घालवल्या त्यांचं सगळं गेलं. म्हणून गिट (कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन), फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारा), टेस्ट चालवणं हे कमांड लाइनवरून येऊ दे, बटणावरून नको. ऑटोकम्प्लीटचं म्हणशील तर 2016 पासून लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आहे, म्हणजे भाषा समजून सूचना देणारा प्रोग्राम (सर्व्हर) एडिटरशी जोडायची ठरलेली पद्धत, त्यामुळे तोच सर्व्हर दोन्हीकडे जोडता येतो, विमला फक्त प्लगइन लागतं.

दोन एडिटर एकाच प्रोजेक्टवर चालवताना खरा त्रास टॅब-स्पेसचा होतो, एकाने चार स्पेस दिल्या, दुसऱ्याने टॅब, आणि डिफमध्ये, म्हणजे काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीत, अख्खी फाइल लाल-हिरवी. प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये एडिटरकॉन्फिगची फाइल ठेव, ती टॅब-स्पेसचे नियम सगळ्या एडिटरना सांगते, व्हीएस कोडला त्यासाठी वेगळं एक्स्टेंशन घालावं लागतं. आणि एकच फाइल दोन्हीकडे उघडी असेल तर आधी एकीकडे सेव्ह, मग दुसरीकडे हात लाव.

गिट कमिट केल्यावर विम उघडतो आणि बाहेर पडता येत नाही म्हणालास, तर गिटच्या सेटिंगमधला कोअर एडिटर (मेसेज लिहायला उघडणारा एडिटर) व्हीएस कोड करून टाक की, फक्त वेटचा, म्हणजे थांबण्याचा, ऑप्शन द्यायला विसरू नकोस, नाहीतर विंडो उघडते आणि गिट तुझी वाट न बघता, मेसेज रिकामा म्हणून कमिट रद्द करून मोकळं होतं.