बोलायला बंदी असलेला गायक आणि त्याचे पाच ‘च’

‘हे गेलं तर मी कोण उरणार?’ हा प्रश्न मी समुपदेशक असल्यामुळे माझ्यासमोरच्या खुर्चीत फार वेळा येऊन बसतो. गुडघा दुखावलेल्या खेळाडूकडून मी तो ऐकला आहे, निवृत्तीला सहा महिने उरलेल्या मुख्याध्यापिकेकडून ऐकला आहे, हात थरथरू लागलेल्या एका सर्जनकडूनही. गेल्या महिन्यात तो पुन्हा तीन जणांनी विचारला, म्हणून एका गायकाची हकिगत लिहिते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

तो एका रॉक बँडचा मुख्य गायक. वय 33. चौघांचा बँड, 12 वर्षं जुना. आला तेव्हा हातात वही होती आणि पहिलं वाक्य घरूनच लिहून आणलेलं होतं: ‘मॅडम, मला बोलायला बंदी आहे.’

न बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण ज्याला बोलायचं आहे आणि बोलता येत नाही, असा हा पहिलाच. आमचा सगळा व्यवसायच बोलण्यावर चालतो, तेव्हा मी मनातून जरा धास्तावलेच. त्यात तो कुजबुजू लागला. मी हातानेच थांबवलं. कुजबुजण्याचाही घशावर ताण पडतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मग आमची पद्धत ठरली: मी बोलायचं, त्याने लिहायचं.

स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. राबणाऱ्या हाताला घट्टे पडतात, तशा. त्याने चित्र काढून मला समजावलं की त्याच्या गाण्यात सारखा लागणारा एक वरचा सूर 440 कंपनांचा आहे, म्हणजे तो धरला की दोन्ही तंतू सेकंदाला 440 वेळा एकमेकांवर आपटतात. त्यात मागे ड्रम, बाजूला गिटारचा ॲम्प, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. मग माणूस नकळत ओरडतो. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवलीच नव्हती. आधी विश्रांती, मग वाचोपचार तज्ज्ञाकडे आवाज लावायची सवय बदलणं, आणि अशा गाठी बऱ्याचदा तेवढ्याने ओसरतात, असंही त्यांनी सांगितलं होतं. याने त्यातला ‘गाठ’ एवढा एकच शब्द ऐकला होता.

“बँडमधल्या मित्रांना सांगितलंत?”

‘नाही. सर्दी झालीय म्हणालो.’

“का?”

‘कळलं तर दुसरा शोधतील.’ मग त्याखाली घाईघाईत: ‘1980 च्या फेब्रुवारीत एसी/डीसी बँडचा गायक बॉन स्कॉट वारला. जुलैत नव्या गायकाचा अल्बम बाजारात. पाच महिने!’ शेवटच्या दोन शब्दांखाली दोनदा रेघ.

मला रॉक संगीतातलं काही कळत नाही, आणि मी ते लपवत नाही. समोरच्याला ज्या विषयाचं माझ्यापेक्षा जास्त कळतं, तो त्यालाच शिकवायला लावावा; शिकवताना माणूस ताठ बसतो. दोन भेटींत मला ट्यूनिंगपासून साउंड-चेकपर्यंत बरंच कळलं. मुख्य गायकाला गाण्यांच्या मधली बडबड सांभाळावी लागते, मुलाखतीही त्यालाच द्याव्या लागतात, आणि कार्यक्रम फसला तर लोकांना आठवतो तोच चेहरा, हेही कळलं. या सगळ्याचं ओझं त्याने एका पानावर असं उतरवलं होतं: ‘मला पूर्वीसारखंच गाता आलंच पाहिजे. वरचा सूर त्याच पट्टीत लागलाच पाहिजे. नाही लागला तर मी संपलोच.’

‘हवं’चं ‘हवंच’ झालं की माणूस स्वतःला छळू लागतो, असं सांगणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारावर माझी घडण झाली आहे. त्यामुळे माझा कान ‘च’वर असतोच; इथे तर तो चक्क कागदावर होता. मी त्याला लाल पेन दिलं. “यातले सगळे ‘च’ गोल करा.” तीन वाक्यांत पाच निघाले. तो हसला, आवाज न करता, खांदे हलवून. मग पानावर त्याने स्वतःच खाडाखोड सुरू केली. ‘पाहिजे’ गेलं, तिथे ‘तर फार बरं होईल’ आलं. ‘संपलोच’वर बराच वेळ पेन अडलं. शेवटी ते खोडून लिहिलं, ‘वाईट वाटेल’. थोडं थांबून त्याआधी ‘खूप’. मी म्हटलं, “तो ‘खूप’ राहू द्या. तो खरा आहे.” दुःख पुसायला मी बसलेली नाही. दुःखावर चढलेली दहशत उतरवायची असते.

इथेच सगळं जमलं असं मला वाटलं, आणि मी जरा खूषही झाले. पुढच्या भेटीत विचारलं, “मित्रांना सांगितलं?” उत्तर आलं: ‘सर्दी अजून आहे.’

कागदावर खोडलेला ‘च’ मनातून गेलेला नसतो, हे इतक्या वर्षांनंतरही मी अधूनमधून विसरते. त्या दिवशी मात्र माझ्या लक्षात आलं की त्याची खरी भीती आवाजाची नव्हतीच. आपली जागा भरता येते, ही त्याची भीती होती. मी म्हटलं, “तुमची ती 1980 ची गोष्ट अर्धी राहिली. त्या नव्या गायकाचं पुढे काय झालं?”

हे त्याला तोंडपाठ होतं. भराभर लिहीत गेला: ‘ब्रायन जॉन्सन. 36 वर्षं गायला. 2016 मध्ये डॉक्टर म्हणाले, दौरा थांबव, नाहीतर ठार बहिरा होशील. उरलेल्या कार्यक्रमांना गन्स अँड रोझेस बँडचा गायक ॲक्सल रोझ उभा राहिला.’

“मग?”

‘2020 च्या अल्बमवर परत जॉन्सन. 2023 ला स्टेजवरही.’

पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलायचा मोह आवरणं हेच आमचं निम्मं काम, आणि तेवढं मला जमतं असं म्हणायला हरकत नाही. चार-पाच मिनिटं गेली असतील. मग त्याने लिहिलं: ‘मी पाच महिन्यांवरच अडकलो होतो.’ वाक्य वाचलं, लाल पेन उचललं आणि त्यातला ‘च’ मी न सांगता गोल केला.

मी त्याला हेही सांगितलं की प्रत्येकाला परत येता येत नाही. त्याला येईल अशी हमी मी दिली नाही, आजही देणार नाही. पण बदली माणूस उभा राहिला म्हणून जॉन्सनची 36 वर्षं पुसली गेली नाहीत, हे त्याच्याच अक्षरात समोर होतं.

हाच प्रश्न घेऊन बसलेल्यांना मी सांगते: आजारपणात, सक्तीच्या विश्रांतीत आयुष्याचे मोठे निर्णय घेऊ नका, पण लपवालपवी मात्र लगेच थांबवा. लपवण्यात जेवढी ताकद जाते, तेवढी बरं होण्यातून वजा होते. स्वतःबद्दल दहा वाक्यं लिहा, त्यांत आपल्या कामाचं नाव येऊ देऊ नका. आमचा गायक चौथ्या वाक्यावर अडला, आणि दोन दिवसांनी सातवं लिहून आला: ‘मी चाली बांधतो.’ म्हणजे दुसऱ्याने गायली तरी त्याचीच राहणारी, मानधनही देणारी गोष्ट त्याच्याकडे होती. ती त्याने मोजलीच नव्हती. आणि हो, गाणं हा व्यवसाय असो वा नसो, आवाज तीन आठवडे बसलेला राहिला तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. समुपदेशक नंतर.

बँडची बैठक झाली. गाणी अर्धा सूर उतरवून वाजवायची, असं गिटारवाल्यानेच सुचवलं. ‘गन्स अँड रोझेस’च्या बहुतेक गाण्यांत गिटारी तशाच लावलेल्या असतात म्हणाला. ड्रमर म्हणाला, वेगही जरा कमी करू, दोन वर्षं सांगेन सांगेन म्हणतोय.

सातव्या भेटीला त्याला बोलायची परवानगी मिळाली होती. वहीतल्या ठसठशीत अक्षरावरून मी मनात एक भारदस्त आवाज ठरवून ठेवला होता. प्रत्यक्षात तो बारीक निघाला, थोडा लाजराही.

“मॅडम,” तो म्हणाला, “आमच्या ड्रमरला तुमची वेळ हवी आहे. त्याचं मनगट दुखतं, आणि त्याने अजून घरी सांगितलेलं नाही.”