माकडांचा मलेरिया माणसाला होतो का?

तुमचा प्रश्न: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर (पोफळी-नारळाची बाग) आहे, लाल तोंडाची माकडं रोज येतात, अर्धी फळं टाकून जातात. त्यांच्या रक्तातही मलेरियाचे जंतू असतात म्हणे. मुलांना धोका आहे का?

उष्ट्या फळातून किंवा माकडाच्या स्पर्शातून मलेरिया होत नाही. मधे अॅनोफिलिस डासाची मादी लागतेच. पण तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. दक्षिण भारतातल्या या माकडांत सायनोमोल्गाय आणि फ्रॅजिल नावाचे मलेरियाचे परजीवी सापडलेले आहेत.

मी डिचोलीत लॅबमध्ये रक्त तपासते. जिम्सा रंग दिलेल्या काचपट्टीवर माणसातला व्हायवॅक्स हा मलेरियाचा परजीवी कसा दिसतो सांगू? तांबडी पेशी फुगलेली, तिच्यावर बारीक गुलाबी ठिपके आणि आत वेडावाकडा पसरलेला जंतू. सायनोमोल्गायही असाच दिसतो. दोन पट्ट्या समोर ठेवल्या तर कुठली माणसाची नि कुठली माकडाची, हे मलाही नुसतं बघून सांगता येणार नाही. ते जनुकं तपासूनच कळतं.

असा घोळ मलेशियातल्या सारावाकमध्ये झाला. तिथल्या कापित भागातल्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तातला जंतू सूक्ष्मदर्शकात 'मलेरिए' या माणसातल्या मलेरियाच्या जातीचा वाटे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत 208 पैकी 120 जणांत नोलेसी हा माकडांचा मलेरियाचा परजीवी निघाला. मलेरिए सौम्य असतो, नोलेसी दर 24 तासांनी वाढतो आणि रुग्ण झपाट्याने अत्यवस्थ होऊ शकतो. नाव चुकलं तर केवढं महागात पडेल बघा! पुढे असंही दिसलं, की तिथल्या एकेका माकडात नोलेसीचे अनेक वाण एकत्र नांदतात, माणसात त्याहून कमी. डासाने असं रक्त प्यायलं की त्याच्या पोटात दोन वाणांचे नर-मादी जंतू एकत्र येतात आणि नवी सरमिसळ तयार होते. लांब शेपटीच्या माकडांतला नोलेसी आणि डुकरशेपटी माकडांतला नोलेसी जनुकांनी वेगळेही पडलेत. माझ्या मते हा सगळा साठा जंगलातच मोजत राहायला हवा, कारण माणसापर्यंत पोचतो तो त्यातला थोडासाच भाग.

आता गोव्याचं. लांब शेपटीची आणि डुकरशेपटी ही नोलेसीवाली माकडं आपल्या सह्याद्रीत नाहीत. सायनोमोल्गाय माणसाला नैसर्गिकरीत्या झाल्याची पहिली नोंद 2014 साली प्रसिद्ध झाली, तीही मलेशियातली. आपल्याकडे शहरांत मलेरिया पसरवतो तो मुख्यतः स्टीफेन्सी डास. तो विहिरीत, टाक्यांत, बांधकामावर साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि माणसाकडून माणसाकडे रोग नेतो. म्हणून माकडांना हाकलण्याआधी तुमची टाकी झाकलेली आहे का ते बघा.

सत्तरीत मला खरी काळजी वाटते ती माकडतापाची. तो मलेरिया नव्हे, विषाणूचा ताप आहे. गोचिडीतून येतो आणि सत्तरीत 2015 पासून आहे. काजूचे बोंडू वेचायला जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, परत आल्यावर मुलांच्या अंगावर गोचीड आहे का ते नीट तपासा. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी आजूबाजूला पसरतात, तेव्हा असं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. आणि ताप आलाच तर रक्त देताना 'आम्ही कुळागरात जातो' हे नक्की सांगा. पट्टी बघणाऱ्याला त्या एका वाक्याची फार मदत होते.