पोलिसांविरुद्ध तक्रार करताना

मोर्चाची घाई करू नकोस. आधी कागद. तक्रार लेखीच दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घे. ‘साहेब बाहेर गेलेत’ म्हणाले, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठव.

ठाण्यात मारहाण झाल्याचा आरोप असेल, तर सगळ्यात आधी सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज टाक. परमवीर सिंग सैनी खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते १८ महिने, न जमल्यास किमान वर्षभर ठेवायला सांगितलंय. तरी विश्वास ठेवून बसू नकोस. ऐन वेळी कॅमेरा ‘बंद’ निघतो.

मग माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा. नवखे लोक ‘कारवाई का केली नाही?’ विचारतात आणि ‘हा प्रश्न माहितीत मोडत नाही’ असं उत्तर पदरात पडतं. त्याऐवजी लिही : ‘अमुक तारखेच्या रात्रीच्या स्टेशन डायरीतील नोंदींची प्रत द्यावी.’ ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. एरवी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहेच, पण तिथे धीर धरावा लागतो.

नगरसेवकाकडे जरूर जा, पण पोलीस गृहखात्याखाली येतात, महापालिकेच्या नाही. तो फोन करेल, फोटोही काढेल. त्याचा फ्लेक्स मात्र लावू देऊ नकोस. नाहीतर तक्रारदाराला उद्या विरोधी पक्षाचा माणूस ठरवतील.