सामुदायिक रेडिओवर निवेदक आणि कार्यक्रमांच्या वेळा एकाच दिवशी बदलाव्यात का?

प्रश्न असा आहे: केंद्राची जबाबदारी नवी आहे, सकाळच्या फोन-इनला (श्रोते फोन करून बोलतात त्या कार्यक्रमाला) कित्येक वर्षं एकच निवेदक आहे, वेळापत्रकही जुनं झालंय. तर एक तारखेपासून दोन्ही एकदम बदलून टाकावं का?

अजिबात नको. "एकदाच काय तो धक्का बसू दे" हा सल्ला बैठकीत ऐकला की माझं डोकं सणकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हा सल्ला देणारे हटकून शहरातल्या खासगी एफएमचा दाखला देतात. अहो, तिथे गाणी वाजतात आणि मधूनमधून आरजे बोलतो. आरजे गेला तरी गाणी तीच राहतात. तुमच्या १०० वॉटच्या केंद्रावर साडेसातला माणूस बोलतो तोच कार्यक्रम असतो. आवाजही गेला आणि वेळही गेली, तर ऐकणाऱ्याला वाटतं केंद्रच बंद पडलं. तक्रार करायलाही तो फोन करत नाही.

आधी माणूस बदला. वेळ, सिग्नेचर ट्यून, फोन नंबर सगळं तसंच ठेवा. महिनाभराने आतला मजकूर बदला. वेळेला हात सगळ्यात शेवटी लावायचा, आणि त्याआधी पंधरा दिवस त्याच कार्यक्रमात रोज दोनदा सांगायचं.

माणूस बदलायला दोन आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात जुना निवेदक कार्यक्रम चालवतो. नवा फक्त हवामान, बाजारभाव आणि आलेले निरोप वाचतो. दुसऱ्या आठवड्यात उलटं. शेवटचे दोन दिवस जुन्याने स्टुडिओत बसायचंच नाही, घरून फोनवर दोन मिनिटं यायचं. "उद्यापासून हे सांभाळतील" हे त्याच्याच तोंडून गेलं पाहिजे. तो थेट प्रक्षेपणात काही वेडंवाकडं बोलेल अशी व्यवस्थापनाला धास्ती असेल तर आदल्या दिवशी रेकॉर्ड करून लावा, पण गाळू नका. आणि त्याचं ठेवणीतलं वाक्य नव्याच्या तोंडी देऊ नका, नक्कल वाटते.

आता खरी गोम. जुन्याकडे एक वही असते, नाहीतर डोक्यात असते: कोणत्या गावचा कोण फोन करतो, कोण दहा मिनिटं सोडत नाही, कोण संध्याकाळी बरा बोलतो पण सकाळी नाही, कोणाचं आडनाव कसं उच्चारायचं. ही माहिती नव्याला मिळाली नाही तर पहिल्याच आठवड्यात तो रोजच्या माणसाला "आपण कुठून बोलताय?" विचारतो आणि तो माणूस तुटतो. चौदा दिवसांत बसून ती वही लिहून घ्या. केंद्रात प्रसारित झालेलं तीन महिने जपून ठेवावं लागतंच. त्यातले पाच-सहा फोन-इन नव्याला ऐकवा आणि जुना कॉलरला कुठे थांबवतो ते टिपायला सांगा.

तांत्रिक घोळ ठरलेले असतात. जुना माइकला चिकटून बोलायचा, नवा लांबून. मग ऑपरेटर फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर ढकलतो आणि पंख्याचा आवाजही त्याबरोबर वर येतो. फेडरने भरपाई करू नका. नव्याला माइकपासून चार बोटांवर बसवा, त्याच्या नेहमीच्या आवाजात गेन (माइकचा आवाज किती उचलायचा ते) लावा. मीटरवर आवाजाची शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहिली की पुरे. गेनच्या बटणापाशी दोन रंगांच्या टिकल्या लावा, एक जुन्याची, एक नव्याची. फोन हायब्रिडवर (फोनलाइन मिक्सरला जोडणाऱ्या यंत्रावर) असो वा वायरने जोडलेल्या मोबाइलवर, कॉलरला त्याचा स्वतःचा आवाज सोडून बाकी सगळं ऐकू गेलं पाहिजे. म्हणजे मिक्सरवर फोनच्या चॅनलचं ऑक्स (कॉलरकडे परत काय जातं ते ठरवणारं बटण) शून्यावर. नवा माणूस "त्यांना ऐकू येत नाही" म्हणून नेमकं तेच फिरवतो आणि कॉलरला स्वतःचे शब्द परत ऐकू यायला लागतात. तो गोंधळून फोन ठेवतो. त्या बटणावर सरळ चिकटपट्टी मारा. कॉलरला घरचा रेडिओ बंद करायला सांगणं हे फोन जोडण्याआधीचं काम, एअरवर नाही.

सगळ्यात जास्त अब्रू जाते ती प्लेलिस्टमुळे. आजच्या यादीतून जुना प्रोमो काढला तरी रोजची यादी ज्यातून बनते त्या साच्यात तो राहतो, आणि रविवारचा साचा वेगळा असतो हे कोणाच्या लक्षात नसतं. मग गेलेल्या निवेदकाचा आवाज रविवारी रात्री सांगतो, "उद्या सकाळी साडेसातला भेटू." केंद्राची ओळख, प्रोमो, प्रायोजकाच्या ओळी, पुनःप्रसारणं, फोनवरचा स्वयंचलित निरोप: नाव किंवा वेळ जिथे जिथे उच्चारली आहे त्या फाइलींची यादी करा. यापुढे मूळ फाइलीत दिवस-वेळ बोलायचीच नाही. ती वेगळ्या दहा सेकंदांच्या सूचनेत. संध्याकाळच्या पुनःप्रसारणात "आत्ता फोन करा" गेलं की लोक खरंच करतात, आणि उचलायला कोणी नसतं.

नव्या निवेदकाला हौस असते वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचायची. पहिल्या दिवशीच सांगा की सामुदायिक केंद्राला बातम्या म्हणजे फक्त आकाशवाणीच्या, जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून. हवामान, पाणी-वीज, परीक्षा-प्रवेश, स्थानिक कार्यक्रम हे बोलता येतं. वेळापत्रक बदलताना जाहिरातीही मोजा. सामुदायिक रेडिओसाठीच्या केंद्र सरकारच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी जाहिरातींची मर्यादा तासाला ७ वरून १२ मिनिटांवर नेली, म्हणून बाराच्या बारा भरू नका. फोन-इनला श्वास उरत नाही. सल्लागार व आशय समितीत निम्म्या तरी महिला असाव्यात असं तीच तत्त्वं सांगतात. सकाळची वेळ ठरवताना त्यांना विचारा. चुलीपाशी रेडिओ कधी लागतो हे पुरुष सदस्य अंदाजाने सांगतात.

निकाल सहा आठवड्यांनी पाहा, आणि फोन मोजू नका, वेगवेगळे नंबर मोजा. दहा नेहमीचे लोकच सगळी लाइन भरून टाकतात. पेरणी आणि काढणीच्या दिवसांत मात्र काहीच बदलू नका, आकडा फसवा निघतो.

एक राहिलं. जुना निवेदक भांडून किंवा अचानक गेला असेल तर दोन आठवड्यांचं हे सगळं जमणार नाही. मग केंद्रातलाच ओळखीचा आवाज महिनाभर बसवा, तो गेल्याचं एका वाक्यात सांगा आणि कारणात शिरू नका. नवा माणूस त्यानंतर आणा. तुमच्याकडे नेमकी कोणती वेळ योग्य, ते त्या वहीतून आणि फोनच्या नोंदीतूनच निघेल, मी इथे बसून नाही सांगू शकत.